थंडीतली काचपेटी : उष्णतेचा जमाखर्च

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या निरभ्र पहाटे शाळेच्या मैदानावर गेलो, तर एक गोष्ट सहज दिसते. मोकळ्यावरचे गवत दवाने चिंब भिजलेले असते, पण मैदानाच्या कडेला असलेल्या चिंचेखालचे किंवा वडाखालचे गवत जवळजवळ कोरडे असते. असे का, हे वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतात, "दव वरून पडते, ते झाडाने अडवले." दव पावसासारखे वरून पडत नाही, गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते, हे तर आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. मग झाडाने अडवले ते काय?

झाडाने अडवली ती जमिनीतून आकाशाकडे निघालेली उष्णता. या एका गोष्टीवर थंड देशांतल्या बागकामातले एक जुने आणि अगदी साधे साधन आधारलेले आहे. इंग्रजीत त्याला 'कोल्ड फ्रेम' म्हणतात. चार बुटक्या भिंतींची, तळ नसलेली पेटी जमिनीवर ठेवायची आणि वर काचेचे तिरके झाकण घालायचे, एवढेच तिचे स्वरूप. या लेखात आम्ही तिला काचपेटी म्हणणार आहोत. इंग्रजी नावातल्या 'कोल्ड' या शब्दाने फसू नये. पेटी आतून गार नसते. तिला शेकोटीची, विजेची किंवा कुजत्या खताची वेगळी ऊब दिलेली नसते, म्हणून ती 'कोल्ड'. अशाच पेटीत मातीखाली घोड्याच्या लिदीचा ताजा, तापणारा थर घातला की तिला 'हॉट बेड' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे भाजीवाले अशा तापत्या वाफ्यांवर काचा घालून भर हिवाळ्यात कोवळी भाजी बाजारात आणत.

कल्पना त्याहूनही पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवले आहे, की सम्राट टायबेरियसला काकडीवर्गातले एक फळ रोज लागे. त्यासाठी त्याचे माळी चाके लावलेले वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत ते पारदर्शक खनिजाच्या पातळ तावदानांखाली ठेवत. खिडकीची काच स्वस्त झाल्यावर हीच युक्ती सम्राटाच्या बागेतून सामान्य माणसाच्या परसात आली.

एका डॉक्टरांचा कबुलीजबाब

नाजूक रोपांवर रात्री चटई किंवा गोणपाट टाकण्याची रीत इंग्लंडमधल्या माळ्यांत पूर्वीपासून होती. विल्यम चार्ल्स वेल्स हे लंडनमधले डॉक्टर या रीतीला हसत असत. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. चटई पातळ आहे, तिच्या फटींतून हवा खेळते. म्हणजे चटईखालची हवा बाहेरच्या हवेइतकीच गार होणार. मग रोप वाचेल कसे?

पुढे दवाचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री गवत नुसते हवेइतके गार होत नाही, ते हवेपेक्षाही गार होते. मग त्यांनी एक सोपा प्रयोग केला. हिरवळीवर चार काड्या रोवून २ फूट बाजूचा चौरस केला आणि गवतापासून ६ इंच उंचीवर त्यावर एक अगदी तलम रुमाल ताणून बसवला. रुमालाखालचे गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा उबदार राहिले. एवढेच नव्हे, तर गवताला टेकलेल्या रुमालापेक्षा थोडा वर ताणलेला रुमाल अधिक उपयोगी पडला. १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या दवावरच्या निबंधात वेल्स यांनी हे सर्व लिहिले आणि आपण अर्धवट ज्ञानाच्या तोऱ्यात माळ्यांना हसत होतो, अशी मोकळी कबुलीही दिली.

वेल्स यांना जे सापडले ते आजच्या भाषेत असे सांगता येईल. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त प्रारण बाहेर टाकत असते. पानही टाकते, मातीही टाकते. दिवसा सूर्याकडून मिळणारी जमा मोठी असते. रात्री ती बंद होते आणि खर्च मात्र चालू राहतो. ढग असले, तर तेही खाली प्रारण पाठवतात आणि बराचसा खर्च भरून निघतो. निरभ्र, कोरड्या रात्री वरून परत येणारे प्रारण कमी असते. अशा वेळी उघड्या जमिनीचा निव्वळ तोटा दर चौरस मीटरमागे साधारण ६० ते १०० वॅट इतका असतो. म्हणूनच ढगाळ रात्र उबदार वाटते आणि चांदण्यांनी गच्च भरलेली रात्र बोचरी असते.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. तो ३ अंश दाखवत असताना जमिनीलगतचे पान शून्याखाली गेलेले असू शकते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडक थंडीत गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठलेले दिसते, त्यामागे हेच कारण आहे.

दिवसाची जमा

काचपेटी दिवसा कशी तापते? सूर्यप्रकाश काचेतून आत जातो, माती आणि पाने तो शोषतात व तापतात, त्यांच्याशी लागलेली हवा तापते. इथपर्यंत मतभेद नाही. पुढचे स्पष्टीकरण मात्र अनेक पुस्तकांत असे असते : 'काच दृश्य प्रकाश आत सोडते, पण अवरक्त किरण बाहेर सोडत नाही, म्हणून उष्णता आत अडकते.' हे विधान खोटे नाही, पण अर्धेच आहे.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली त्याची परीक्षा घेतली. काळ्या पुठ्ठ्याची दोन खोकी घेतली. एकावर काच बसवली, दुसऱ्यावर सैंधवाच्या स्फटिकाची पट्टी. सैंधव अवरक्त किरणांना अडवत नाही. काचेने किरण अडवणे हेच मुख्य कारण असेल, तर सैंधवाचे खोके बरेच गार राहायला हवे. प्रत्यक्षात दोन्ही खोकी सुमारे ६५ अंशांपर्यंत तापली आणि सैंधवाचे खोके किंचित पुढेच राहिले. सूर्याच्या प्रकाशातले अवरक्त किरण आधीच एका काचेने गाळून घेतल्यावर दोन्ही खोक्यांतला फरक जेमतेम एका अंशाचा उरला.

याचा अर्थ, दिवसा पेटी तापण्याचे मुख्य कारण कोंडलेली हवा हे आहे. मोकळ्या जमिनीवर तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी गार हवा येते आणि वारा उरलीसुरली ऊब घेऊन जातो. पेटीत हे अभिसरण थांबते. ही गोष्ट वर्गातही पडताळता येते. झाकण बोटभर उचलून धरले तरी आतले तापमान भराभर उतरते. त्या फटीतून बाहेर जाणारे प्रारण नगण्य असते, बाहेर जाते ती हवा.

रात्रीचा खर्च

रात्री मात्र चित्र बदलते. वारा पडलेला असतो, अभिसरण मंद असते आणि प्रारण हाच खर्चाचा मोठा रकाना होतो. येथे काच आणि साधा पॉलिथिनचा कागद यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. काच अवरक्त किरण शोषते आणि त्यांतला काही भाग परत खाली पाठवते. साधे पॉलिथिन मात्र अवरक्त किरणांना बरेचसे पारदर्शक असते. त्यामुळे निरभ्र, निवांत रात्री पातळ कागदाखालची हवा कधीकधी बाहेरच्या हवेपेक्षाही किंचित गार होते, कारण बाहेरची थोडी कमी गार हवा आत येऊन मिसळू शकत नाही. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या थेंबांचा थर जमला, तर तो थर अवरक्त किरण शोषतो आणि परिस्थिती थोडी सुधारते. पॉलिथिनची पेटी केली तर रात्री वरून गोणपाट किंवा जुनी सतरंजी घातलीच पाहिजे, ती यासाठी.

आता एक ढोबळ हिशोब करू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून तो फळ्यावर करून घेता येईल. पेटीचे आतले माप १२० सें.मी. × ६० सें.मी., म्हणजे क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर. रात्रीचा तोटा दर चौरस मीटरला ७० वॅट धरला, तर पेटीचा तोटा सुमारे ५० वॅट. बारा तास म्हणजे ४३,२०० सेकंद. एकूण खर्च सुमारे २,१६० किलोज्यूल.

हा खर्च कोण भागवणार? पेटीतली वरची १० सें.मी. माती धरू. तिचे आकारमान ०.०७२ घनमीटर. ओलसर माती १ अंशाने गार होताना एवढ्या आकारमानातून सुमारे १७५ किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे सगळा खर्च एकट्या मातीने सोसला, तर ती रात्रीत सुमारे १२ अंशांनी उतरेल.

आता पेटीत पाण्याने भरलेल्या १ लिटरच्या २० बाटल्या मागच्या भिंतीलगत उभ्या केल्या. १ लिटर पाणी १ अंशाने गार होताना ४.२ किलोज्यूल उष्णता देते, म्हणजे २० लिटरचे ८४. माती आणि पाणी मिळून दर अंशाला २५९ किलोज्यूल झाले. तापमानाची घट साधारण ८ अंशांवर आली. त्यावर गोणपाट घालून तोटा निम्मा झाला असे समजू. आता घट उरते अवघी ४ अंश.

या हिशोबात आम्ही बऱ्याच गोष्टी सोडल्या आहेत. भिंतींतून होणारे वहन धरलेले नाही, खालच्या मातीतून वर येणारी उष्णता धरलेली नाही आणि तोटा रात्रभर सारखाच मानला आहे. तरी १२, ८ आणि ४ हे तीन आकडे काचपेटीचे मर्म सांगतात. पेटी उष्णता निर्माण करत नाही. दिवसा मिळालेली उष्णता साठवायला जागा किती आहे आणि रात्री ती किती सावकाश खर्च होते, यावर सगळे अवलंबून असते. कोरडी माती ओल्या मातीपेक्षा बरीच कमी उष्णता साठवते. म्हणून पेटीतली माती पार सुकू देऊ नये.

उतार कशासाठी?

काचपेटीचे झाकण दक्षिणेकडे उतरते असते. पावसाचे पाणी ओघळून जावे हा एक हेतू, पण मोठा हेतू हिवाळ्यातला कलता सूर्य पकडण्याचा. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्याची उंची लंडनला क्षितिजापासून सुमारे १५ अंश, लेहला सुमारे ३२ अंश आणि नाशिकला सुमारे ४६ अंश असते. सपाट झाकणावर सूर्यकिरणांची तीव्रता या कोनाच्या ज्येच्या, म्हणजे 'साइन'च्या प्रमाणात पडते. झाकण दक्षिणेकडे १५ अंश कलते केले, तर या कोनात १५ मिळवायचे.

लंडनला सपाट झाकणाला ०.२६ आणि कलत्या झाकणाला ०.५० हिस्सा मिळतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. लेहला ०.५३ वरून ०.७३. नाशिकला ०.७३ वरून ०.८८. इंग्रज माळी उतार कटाक्षाने का राखतो आणि आपल्याकडे तो थोडा कमीजास्त झाला तरी का चालतो, हे या आकड्यांवरून समजते. अक्षांश हा भूगोलातला विषय, ज्या गणितातली, प्रारण भौतिकातले. तिन्ही येथे एका झाकणावर एकत्र येतात.

लंडन, लेह आणि आपण

काचपेटीचे खरे घर युरोप आणि उत्तर अमेरिकेचा थंड भाग. तिथे वसंत ऋतू सुरू झाल्यावरही कित्येक आठवडे रात्री हिम पडण्याची भीती असते. दक्षिण इंग्लंडमध्येसुद्धा टोमॅटोची रोपे मेअखेरपर्यंत उघड्यावर लावणे धोक्याचे समजतात. तोवर थांबून बी पेरले, तर फळ पिकेपर्यंत पुन्हा थंडी येते. म्हणून बी आधी उबेत पेरायचे, रोपे काही आठवडे काचपेटीत ठेवायची आणि हिमाची भीती सरली की बाहेर लावायची. शरद ऋतूत पेरलेले लेट्यूस याच पेटीत हिवाळा काढते. तिथल्या माळ्याला पेटीमुळे हंगामाच्या दोन्ही टोकांना काही आठवडे जादा मिळतात.

आपल्या देशात या तत्त्वाचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग लडाखमध्ये झाला आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात रात्रीचे तापमान शून्याखाली २० अंशांच्या आसपास उतरते, पण आकाश स्वच्छ असते आणि ऊन भरपूर. झोजी ला खिंडीतला रस्ता पूर्वी हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहत असे, त्यामुळे ताज्या पालेभाजीचे मोल फार. तिथे चर खणून केलेली हरितगृहे वापरतात. सुमारे ३ फूट खोल चर खणायचा, त्यावर लाकडाच्या किंवा लोखंडाच्या दांड्या टाकून पॉलिथिन पसरायचे आणि रात्री वरून आणखी एक आच्छादन घालायचे. लेह येथील संरक्षण खात्याच्या अतिउंचीवरील संशोधन संस्थेने, जी १९६२ साली सुरू झाली, अशा चरांचा प्रसार केला. ही खरे तर जमिनीत पुरलेली काचपेटीच आहे. चारही भिंती मातीच्याच असल्याने वाऱ्याचा स्पर्श नाही आणि उष्णतेचा साठा मोठा. पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांसारखी पाने अशा चरात बर्फाळ दिवसांतही मिळतात.

आणि महाराष्ट्रात? कोकणात काचपेटीची गरज नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पठारावरही आपली पिके हिवाळ्यात उघड्यावर वाढतात. तरी दोन ठिकाणी थंडी नडते. पहिले म्हणजे थंडीची लाट. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या पट्ट्यात अशा लाटेत पारा ५ अंशांखाली उतरतो. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात. शेकोटीचा उपयोग धुरापेक्षा तिच्या उष्णतेमुळे आणि हवा ढवळली गेल्यामुळे होतो. पाणी बागेत स्वतःची ऊब आणते आणि माती ओली ठेवते. एकरभर बाग पेटीत घालता येत नाही, पण वापरलेले तत्त्व तेच असते.

दुसरे ठिकाण रोपवाटिका. उन्हाळी टोमॅटो, वांगी, मिरचीचे बी डिसेंबर-जानेवारीत टाकतात आणि ते उगवायला फार दिवस घेते. टोमॅटोचे बी मातीचे तापमान २५ अंश असताना सुमारे ६ दिवसांत उगवते, १५ अंशांना १४ दिवस लागतात आणि १० अंशांना ४० दिवसांहून अधिक. मिरचीला २५ अंशांना ८ दिवस पुरतात, तर १५ अंशांना २५ लागतात. एवढे दिवस ओल्या मातीत पडून राहिलेले बी कुजण्याची भीती असते. येथे रात्रीचे ४-५ अंश वाचवणारी पेटी खरी उपयोगी पडते, आणि शाळेच्या बागेत तिची चाचणीही सहज घेता येते.

पेटीची बांधणी

जागा अशी निवडावी, की सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत हिवाळ्यातले ऊन येईल. उत्तरेला भिंत असल्यास उत्तम. खोलगट जागा टाळावी, कारण गार हवा जड असते आणि रात्री ओघळून खोलगट भागात साठते.

सुरुवात झाकणापासून करावी, कारण पेटीचे माप झाकणावर ठरते. जुन्या खिडकीचे तावदान मिळाले तर चांगलेच, पण मुलांच्या वावराच्या जागी काच फुटण्याचा धोका लक्षात घ्यावा. लाकडी पट्ट्यांची १४० सें.मी. × ८० सें.मी. चौकट करून तिला दोन्ही बाजूंनी २०० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरणांत टिकणारा पॉलिथिन कागद ठोकला, तर काम स्वस्तात आणि सुरक्षित होते. दोन कागदांमध्ये कोंडलेली हवा वहनाने होणारा तोटाही कमी करते.

भिंतींसाठी साध्या विटा घ्याव्यात. आतली जागा पूर्व-पश्चिम १२० सें.मी. आणि दक्षिणोत्तर ६० सें.मी. ठेवावी. चिखलाचा पातळ थर देत विटा आडव्या रचल्या की एक थर सुमारे ८ सें.मी. उंचीचा होतो. दक्षिणेच्या भिंतीला ३ थर, उत्तरेच्या भिंतीला ५. म्हणजे पुढची उंची २४ आणि मागची ४० सें.मी. भरते, आणि झाकणाला १३ ते १५ अंशांचा उतार मिळतो. बाजूच्या भिंती पायऱ्यांसारख्या चढतात. पायऱ्यांवरचे त्रिकोण चिखलाने भरून वरची कड सपाट करावी. सगळे मिळून सुमारे ७५ विटा पुरतात. हंगाम संपला की विटा मोकळ्या करता येतात. भिंती आतून चुन्याने पांढऱ्या केल्या तर प्रकाश परावर्तित होऊन रोपांवर सर्व बाजूंनी पडतो आणि ती एकाच बाजूला झुकत नाहीत.

आतली माती एक वीत खोल खणून भुसभुशीत करावी आणि त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. बाटल्यांतले पाणी जास्त तापावे म्हणून बाटल्या बाहेरून काळ्या रंगवाव्यात. झाकणाला उत्तरेच्या बाजूने बिजागऱ्या लावाव्यात, किंवा ते नुसते ठेवून त्यावर दोन विटांचे वजन द्यावे.

एक वस्तू मात्र विसरू नये : टेकू. हातभर लांबीच्या काठीला ५, १० आणि १५ सें.मी. अंतरावर खाचा पाडाव्यात. त्यांवर झाकण कमीजास्त उचलून ठेवता येते.

पेटीचा वापर

थंडीपेक्षा उन्हाने मेलेली रोपे काचपेटीत अधिक सापडतात. आपल्याकडे तर हे विशेष खरे आहे. जानेवारीत बाहेर २८ अंश असताना बंद पेटीत दुपारी ४५ अंशांच्या वर तापमान जाऊ शकते आणि कोवळी रोपे तासाभरात होरपळतात. म्हणून पेटी बांधणे हे निम्मे काम, आणि झाकण वेळेवर उघडणे-मिटणे हे उरलेले निम्मे. शाळेत या कामासाठी विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावाव्यात. रविवारची पाळी सर्वांत आधी ठरवावी.

दिनक्रम साधारण असा ठेवावा. सकाळी ऊन पेटीवर आले की गोणपाट काढावे. आतला पारा २५ अंशांना पोचला की टेकू पहिल्या खाचेवर. ३० अंशांच्या पुढे जाऊ लागला की झाकण पूर्ण उघडावे. दुपारी ४ च्या सुमारास, ऊन असतानाच, ते बंद करावे. सूर्य मावळल्यावर बंद केले तर साठवायला उष्णता उरत नाही. अंधार पडताना पुन्हा गोणपाट. पाने झाकणाला टेकणार नाहीत हे पाहावे. गवताला टेकलेल्या रुमालाचा वेल्स यांचा अनुभव येथेही लागू पडतो.

पाणी झारीने, आणि सकाळीच घालावे. संध्याकाळी घातलेल्या पाण्याने रात्रभर पाने ओली राहतात. कोंदट, दमट हवेत पिथियमसारख्या बुरशीजन्य रोगाने रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात. बी दाट पेरू नये, आणि ढगाळ दिवशीही थोडा वेळ झाकण उचलून हवा खेळू द्यावी.

रोपांना चार-पाच पाने आली की त्यांना बाहेरच्या हवेची सवय करायची असते. पेटीत वाढलेल्या रोपाची पाने पातळ आणि खोड लुसलुशीत असते. ते एकदम बाहेर लावले तर वाऱ्याने आणि उन्हाने मान टाकते. आठ-दहा दिवस झाकण रोज थोडे अधिक वेळ उघडे ठेवावे, शेवटचे दोन-तीन दिवस रात्रीही काढून ठेवावे, पाणी किंचित कमी करावे. रोपे काटक होतात. फेब्रुवारी अखेर झाकण काढूनच टाकावे. त्याच भिंतींवर पुढे शेडनेट टाकले तर उन्हाळ्यात सावली मिळते, आणि पावसाळ्यात पॉलिथिनची चौकट उंच टेकूवर ठेवली तर रोपांना पावसाच्या झोडपण्यापासून आसरा मिळतो.

नोंदी ठेवा

या प्रयोगासाठी कमाल-किमान तापमापक दोन हवेत. एक पेटीत, एक बाहेर जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर. दोन्हींवर थेट ऊन पडू नये म्हणून पुठ्ठ्याची छत्री करावी. रोज सकाळी ८ वाजता चारही आकडे लिहावेत. शेजारच्या रकान्यात रात्री आकाश निरभ्र होते की ढगाळ, वारा होता की नाही, गोणपाट घातले होते की नाही, हे टिपावे. पहिला आठवडा बाटल्यांशिवाय, दुसरा बाटल्यांसह, तिसरा बाटल्या आणि गोणपाट दोन्हींसह, असे केले तर वरचा १२-८-४ चा हिशोब तुमच्या पेटीला किती लागू पडतो ते कळेल. आकडे जुळणार नाहीत, तिथे चर्चा सुरू करावी. कोणती गोष्ट आपण हिशोबात धरली नव्हती? भिंती? फटी? खालची माती? की त्या आठवड्यातले आकाशच वेगळे होते?

त्याबरोबरच पेटीत आणि बाहेर एकाच दिवशी मिरचीचे ५०-५० बी पेरावे आणि रोज उगवलेली रोपे मोजावीत. आलेख काढल्यावर दोन रेषांमधले अंतर किती दिवसांचे आहे, ते दिसेल. इंग्लंडमधला माळी आणि लेहमधली शेतकरीण ज्या दिवसांसाठी एवढी खटपट करतात, ते दिवस त्या अंतरात मोजता येतील.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी तीन प्रश्न देत आहोत :

१. काचेच्या पेटीवर रात्री गोणपाट झाकणाच्या वरून घालावे की आत, रोपांवर? कारण द्या.

२. पेटीत २० लिटर पाण्याऐवजी २० किलो वजनाचे दगड ठेवले तर तापमानाची घट किती होईल? दगडाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश धरा.

३. मैदानातल्या झाडाखाली दव कमी का पडते, हे तिसरीतल्या मुलाला कळेल अशा भाषेत पाच वाक्यांत लिहा.